खेळ कां अडला?

संध्याकाळचे साडेसात वाजलेले असावेत, शाळेचा अभ्यास एकदांचा संपलेला असावा, वडिलांकडून महत्प्रयासानें अर्ध्या तासाची परवानगी मिळालेली असावी, आणि संगणकाच्या पडद्यावर खेळाच्या ऐवजीं एक लहानसें वर्तुळ गरगर फिरत बसावें, असा प्रसंग आजच्या विद्यार्थ्याच्या आयुष्यांत आठवड्यांतून दोनदां तरी येतोच. अशा वेळीं घरांत दोन निकाल तत्काळ दिले जातात. मुलगा म्हणतो, “नेट स्लो आहे.” वडील म्हणतात, “बरें झालें. आतां पुस्तक घे.” दोन्ही निकाल पुराव्यावांचून दिलेले असतात, मुलाचा निकाल जरा शास्त्रीय वाटतो, इतकाच काय तो फरक. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें आहे कीं, अडलेला खेळ ही चौकशी करण्याजोगी गोष्ट आहे, आणि ती चौकशी वडील माणसांच्या देखत, उजळ माथ्यानें व सावकाश झाली पाहिजे. ती तशी होत नाहीं म्हणून खेळापेक्षां कितीतरी मोलाच्या वस्तु हातच्या जातात. ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाहीं.

दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळीच्या सुटींत माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा सातवींत होता. त्याची बहीण लहानपणीं मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळत असे. त्या खेळाची कीर्ति ऐकून ऐकून या चिरंजीवांस तो खेळावयाची इच्छा झाली, आणि शोध घेतां घेतां एका अनोळखी ठिकाणीं त्यास तो सांपडलाही. पान उघडलें. खेळाच्या जागीं एक करडी चौकट होती, आणि तिच्या मध्यभागीं मोठ्या सभ्य भाषेंत लिहिलेलें होतें कीं, आपला फ्लॅश प्लेअर जुना झाला असून तो अद्ययावत् करण्यासाठीं येथें दाबावें. मुलानें दाबलें. कांहींतरी उतरलें, यंत्रांत बसलें, यंत्र एकदां बंद होऊन पुन्हां सुरू झालें. खेळ मात्र उघडला नाहींच.

दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर उघडतांच भलतेंच शोधपान पुढें येऊं लागलें व कोपऱ्याकोपऱ्यांतून जाहिराती डोकावूं लागल्या. आपल्या हातून कांहीं तरी चुकलें हें मुलास कळून चुकलें होतें. पण त्यानें तें कोणास सांगितलें नाहीं. चार दिवस तो गप्प राहिला. पांचव्या दिवशीं त्याच्या वडिलांच्या नांवानें, त्यांच्याच ई-मेलच्या पत्त्यावरून, तीस-चाळीस नातेवाइकांस पैशांची निकड कळविणारीं पत्रें गेलीं, तेव्हां सारा प्रकार उघडकीस आला. बँकेचे व पत्रव्यवहाराचे सर्व संकेतशब्द बदलावे लागले. यंत्र पुसून कोरें करावें लागलें. बहिणीनें बारावीच्या प्रकल्पासाठीं दीड महिना खपून लिहिलेल्या पानांची दुसरी प्रत कोठेंच नव्हती. तीं पानेंही त्या पुसण्यांत गेलीं.

मी भाच्याला विचारलें, “अरे, पहिल्याच दिवशीं सांगितलें असतेंस तर?”

तो मान खालीं घालून म्हणाला, “मामा, बाबांनीं पहिल्यांदा हेंच विचारलें असतें कीं, खेळ उघडलासच कशाला?”

त्याचे वडील तेथेंच उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत.

ती करडी चौकट आली कोठून, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. ब्राउझर हा मूळचा वाचक. दूरच्या यंत्राकडून आलेला मजकूर व चित्रें पानावर मांडून दाखविणें एवढेंच त्याचें काम. हलणारें चित्र, आवाज, कळ दाबतांच उडी मारणारा प्राणी, हें १९९५-९६ च्या सुमारास त्यास फारसें साधत नसे. शिवणयंत्रास वेलबुट्टी काढण्याचा जोड निराळा मिळतो, आणि तो लावला कीं तेंच यंत्र फुलें काढूं लागतें. तसा ब्राउझरला लावावयाचा परका जोड म्हणजे प्लग-इन. १९९६ सालीं अमेरिकेंतील फ्यूचरवेव्ह या लहानशा कंपनींत जोनाथन गे व त्यांचे सहकारी यांनीं चित्रें हलविण्याचें एक साधन तयार केलें. वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीनें तें विकत घेऊन त्याचें ‘फ्लॅश’ असें नामकरण केलें, आणि २००५ च्या अखेरीस खुद्द मॅक्रोमीडियाच ॲडोबी कंपनीच्या स्वाधीन झाली.

फ्लॅशचें मर्म असें कीं, चित्रांतील एकेक ठिपका पाठविण्याऐवजीं तो रेषांचें गणित पाठवी. रेषा कोठून निघते, कशी वळते व आंत कोणता रंग भरावयाचा, एवढें कळविलें कीं चित्र काढण्याचें काम वाचणाऱ्याच्या यंत्रानें करावें. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास फार झालें तर ५६,००० बिट येत असत, त्या काळीं ही काटकसर म्हणजे वरदानच होतें. तरीही एक मेगाबाइटचा खेळ त्या तारेवरून यावयास उत्तम स्थितींत सुमारें अडीच मिनिटें लागत, आणि तेवढा वेळ खेळाच्या आरंभीं एक पट्टी हळूहळू भरत असे. मला ती पट्टी आवडे. किती आलें व किती राहिलें हें ती प्रामाणिकपणें सांगे. आजचें फिरतें वर्तुळ कांहींच सांगत नाहीं. काम चालू असलें तरी तें फिरतें, आणि काम कायमचें बंद पडलें असलें तरीही तें तितक्याच उत्साहानें फिरतें. असो.

परक्या जोडाचा धोका असा कीं, त्यास एक फट असली तर त्या फटींतून घरांत शिरतां येतें. फ्लॅशमध्यें अशा फटी वर्षानुवर्षें सांपडत गेल्या. एक बुजवावी तों दुसरी दिसावी. २००७ सालीं निघालेल्या आयफोननें फ्लॅशला आपल्या दारांतही उभें केलें नाहीं, आणि २०१० च्या एप्रिलमध्यें स्टीव्ह जॉब्स यांनीं जाहीर पत्र लिहून त्याचीं कारणें सांगितलीं. तोंपर्यंत ब्राउझर स्वतःच मोठे झाले होते. चित्र हलविणें, आवाज देणें, त्रिमिति दृश्य रंगविणें हीं कामें जोडावांचून त्यांस येऊं लागलीं. १९९५ पासून चालत आलेल्या जुन्या घडणीच्या प्लग-इनांना क्रोमनें २०१५ च्या सप्टेंबरांत दार लावलें. फायरफॉक्सनें २०१७ च्या मार्चमध्यें फ्लॅशखेरीज बाकी सर्वांस तेंच केलें. अखेर २५ जुलै २०१७ रोजीं ॲडोबीनें जाहीर केलें कीं, २०२० च्या शेवटीं फ्लॅशचा आधार आपण काढून घेणार. ३१ डिसेंबर २०२० रोजीं तो काढून घेतला गेला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून जेथें कोठें फ्लॅश प्लेअर शिल्लक होता तेथेंही तो आपण होऊन चालावयाचें नाकारूं लागला. २००९ पासून लक्षावधि लोकांस शेतीचें वेड लावणारा ‘फार्मव्हिल’ हा खेळ त्याच ३१ डिसेंबरला बंद झाला. साडेतीन वर्षांची पूर्वसूचना असूनही सारेच सावध झाले होते असें मात्र नाहीं. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे कांहीं अर्ज फ्लॅशवर अवलंबून होते, म्हणून त्या खात्यास २०२१ च्या जानेवारींत आपला निराळा ब्राउझर काढून लोकांच्या हातीं द्यावा लागला! जेथें सरकारी खातें गाफील राहतें, तेथें सातवींतील मुलास मी फारसा दोष देऊं इच्छीत नाहीं.

परंतु या इतिहासावरून एक गोष्ट निःसंशय ठरते. आज कोणत्याही पानानें तुमच्याकडे फ्लॅश प्लेअर मागितला, तर तें पान एक तर विसराळू आहे किंवा लबाड आहे. अद्ययावत् करावयास फ्लॅश प्लेअर उरलेलाच नाहीं. हें सोंगही नवें नव्हे. २०११ सालीं मॅक संगणकांत शिरलेला ‘फ्लॅशबॅक’ नांवाचा दुष्ट प्रोग्रॅम प्रथम फ्लॅशचाच वेष घेऊन आला होता, आणि पुढें दुसऱ्या वाटांनीं पसरत २०१२ च्या एप्रिलपर्यंत त्यानें सुमारें सहा लक्ष यंत्रें ग्रासलीं. फ्लॅश जिवंत असतांना खऱ्या-खोट्याची पारख करणें अवघड होतें. आतां तें अगदीं सोपें झालें आहे. युनिटी वेब प्लेअर, जावाचा प्लग-इन, सिल्व्हरलाइट यांच्या नांवानें आलेल्या निमंत्रणांसही हाच न्याय.

मग जुने खेळ मेले काय? सगळे नाहीं. ‘रफल’ नांवाचा एक प्रोग्रॅम आहे. फ्लॅशनें जें करावयाचें तें हा ब्राउझरच्या मर्यादेंत राहून स्वतः करून दाखवितो, आणि तो खेळ ठेवणाऱ्या संस्थेनेंच आपल्या पानांत बसविलेला असला तर आपल्या यंत्रांत कांहींही घालावें लागत नाहीं. इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथसंग्रहालयानें २०२० च्या नोव्हेंबरांत याच साधनानें जुने फ्लॅश खेळ व चित्रें वाचकांस खुलीं केलीं. ‘फ्लॅशपॉइंट’ या नांवाखालीं हौशी लोकांनीं एक लक्षाहून अधिक खेळ जपून ठेविले आहेत; मात्र तो संग्रह यंत्रावर उतरवून घ्यावा लागतो, म्हणून तें काम वडिलांच्या देखत करावें. २००६ नंतर फ्लॅशची भाषा बदलली, त्यामुळें त्यापूर्वींचे खेळ रफलमध्यें बहुधा सुरळीत चालतात, व नंतरच्यांपैकीं कांहीं अडखळतात. ज्या खेळांचा अर्धा जीव दूरच्या यंत्रावर होता, ते मात्र तें यंत्र बंद झालें कीं संपलेच.

हें झालें मुळींच न चालणाऱ्या खेळाविषयीं. रखडत चालणाऱ्या खेळाची गोष्ट निराळी, आणि तेथेंच माणूस अधिक फसतो. माझीच फजिती सांगतों. शाळेची संगणकाची खोली माझ्या हवालीं आहे. एके सोमवारीं मागील रांगेंतील तीन यंत्रांवर बुद्धिबळाचा खेळ उघडेना; ‘हें ठिकाण सुरक्षित नाहीं’ अशी सूचना येई. मी तडक इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस टेलिफोन करून दोन दिवस भांडलों. तिसऱ्या दिवशीं आठवींतील एका मुलीनें पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखविलें. त्या यंत्रांच्या मतें तें २००९ साल होतें! संगणकाच्या पोटांत गुंडीएवढा एक विद्युत्-घट असतो. वीज गेली असतां घड्याळ चालू ठेवणें हें त्याचें काम. तो संपला कीं यंत्र सुरू होतांना जुनीच तारीख धरून बसतें. दूरच्या ठिकाणाचें ओळखपत्र अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत वैध असतें, आणि २००९ सालांत बसलेल्या ब्राउझरला आजचें ओळखपत्र खोटें वाटावें यांत नवल नाहीं. चहाच्या दोन पेल्यांच्या किंमतींत तो घट मिळाला. कंपनीची माफी मागावयाचें धैर्य मला अद्याप झालेलें नाहीं.

त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे. कारण तीनच ठिकाणीं असूं शकतें: आपल्या यंत्रांत, मधल्या वाटेंत, किंवा पलीकडच्या तीरावर. प्रथम ठिकाण ठरवावें, मग दोष शोधावा. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दहा गुंड्या एकदम दाबल्यावर खेळ सुरू झाला, तरी कोणत्या गुंडीनें झाला हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस आपण होतों तेथेंच असतों.

यंत्रांतील दोष ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे खासगी खिडकी. बहुतेक ब्राउझरांत कंट्रोल व शिफ्ट या कळांबरोबर एन किंवा पी ही कळ दाबली कीं ती उघडते. तींत आपण बसविलेले लहानमोठे जोड, ज्यांस एक्स्टेन्शन म्हणतात ते, सहसा झोपलेले असतात, आणि जुनी साठवणही वापरली जात नाहीं. खेळ तेथें झटकन् उघडला, तर इंटरनेट निर्दोष ठरलें. दोष आपल्याच जोडांत किंवा साठवणींत आहे. मग एकेक जोड बंद करून पाहावा. पुष्कळदां जाहिराती अडविणारा जोडच गुन्हेगार निघतो: तो खेळाचा एखादा आवश्यक तुकडा जाहिरात समजून अडवितो, आणि खेळ शेंकडा नव्वदावर येऊन कायमचा थांबतो. दोष साठवणींत असेल, म्हणजे खेळाचे कांहीं भाग जुने व कांहीं नवे असे मिसळले असतील, तर कंट्रोल, शिफ्ट व आर या कळा एकदम दाबून पान नव्यानें मागवावें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. “सगळें साफ करून टाक,” असा सल्ला मित्रमंडळींत फार सढळपणें दिला जातो. ब्राउझर केवळ चित्रें साठवीत नाहीं. कित्येक खेळ आपली प्रगतीही तेथेंच ठेवितात. कुकी व स्थळांची माहिती पुसली कीं महिनाभर खपून गांठलेली पायरीही पुसली जाते, आणि ती परत मिळत नाहीं. चित्रांची साठवण पुसणें निराळें, आणि माहिती पुसणें निराळें. दोहोंसमोर निरनिराळे चौकोन असतात, ते वाचावे.

खेळ उघडतो पण चित्र झटके देत हलतें, आणि यंत्राचा पंखा घूं घूं करूं लागतो, असें असेल तर चित्रें रंगविण्याचें काम त्यासाठीं असलेल्या खास भागाकडे न जाता मुख्य मेंदूवर पडलें आहे असें बहुधा समजावें. ब्राउझरच्या व्यवस्थेंत ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ नांवाची कळ असते. ती कोणी बंद केली आहे काय, हें पाहावें. क्रोममध्यें शिफ्ट व एस्केप दाबलें असतां कोणतें पान किती खातें याचा तक्ताच पुढें येतो. उघडीं ठेविलेलीं वीस-पंचवीस पानें पाहून कित्येकांस आपलेंच उत्तर तेथें मिळेल.

वाटेंतील दोषाविषयीं दोन गैरसमज फार रूढ आहेत. पहिला शब्दांचा. कंपनी ४० मेगाबिट म्हणते, मुलगा ४० मेगाबाइट समजतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० मेगाबिटांच्या वाहिनींतून सेकंदास पांच मेगाबाइट येणार, आणि १०० मेगाबाइटचा खेळ यावयास २० सेकंद लागणारच. त्यांत कोणाची लबाडी नाहीं, अंकगणित आहे. दुसरा गैरसमज रुंदी व अंतर यांचा. मोठी वाहिनी घेतली कीं समोरच्या खेळाडूचा चेंडू वेळेवर दिसेल, असें पुष्कळांस वाटतें. रस्ता रुंद केला कीं एका वेळीं अधिक गाड्या जातात. पण म्हणून नागपूर मुंबईच्या जवळ सरकत नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेंत सुमारें ३,९०० किलोमीटर; तेव्हां खेळाचें यंत्र सिंगापुरास असेल तर जाऊन येण्यास ४० मिलिसेकंद तरी लागणारच, आणि समुद्रांतील तार सरळ रेषेंत टाकलेली नसते. हें अंतर कोणत्याही दराची वर्गणी भरून कमी होत नाहीं. खेळांत ‘सर्व्हर’ निवडावयाची सोय असेल तर जवळचा निवडावा, हाच उपाय.

घरांतील वाटही विसरूं नये. ‘पिंग’ या आज्ञेनें आधीं घरच्याच राउटरला हांक मारून पाहावी. उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत आलें तर घर निर्दोष. तेंच पन्नास-शंभरांवर चढत-उतरत असेल, तर मधली जाड भिंत, शेजाऱ्यांच्या लहरींची गर्दी, किंवा स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टी यांची चौकशी करावी. ती भट्टी व जुन्या घडणीचा वाय-फाय हीं दोन्ही साधारण एकाच लहरींवर बोलतात. एक साधी तार लावून पाहिली कीं हा संशय पांच मिनिटांत फिटतो.

आणि कधीं कधीं दोष आपला नसतोच. ३० जानेवारी २००८ रोजीं भूमध्य समुद्रांत अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या, आणि हिंदुस्थानांतील इंटरनेट कित्येक दिवस मंदावलें. याहून बोधप्रद प्रसंग ३० ऑगस्ट २०२० चा. बुद्धिबळाचें पहिलें ऑनलाइन ऑलिंपियाड होतें; अंतिम सामना भारत व रशिया यांचा. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरींत सुटली. दुसऱ्या फेरींत खेळ चालू असतां निहाल सरीन व नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांची जोडणी अकस्मात् तुटली. घड्याळ चालतच राहिलें, आणि दोघांचेही डाव वेळ संपून गेले. भारतानें दाद मागितली. चौकशींत दिसून आलें कीं, त्याच वेळीं अमेरिकेंतील एका मोठ्या जाळ्यांत बिघाड होऊन जगभरचीं असंख्य ठिकाणें बंद पडलीं होतीं. दोष घरचा नव्हता, खेळाडूंचा नव्हता. जागतिक बुद्धिबळ संघटनेनें दोन्ही देशांस संयुक्त विजेते ठरविलें. त्याच दिव्येनें पुढें २०२५ च्या जुलैमध्यें महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या दिवशीं कोणी तिला “तुझेंच इंटरनेट खराब,” असें म्हणून गप्प केलें असतें, तर निकाल तसाच राहिला असता.

आतां पालकांस दोन शब्द. खेळास मर्यादा असावी याविषयीं माझा व आपला मतभेद नाहीं. अर्धा तास ठरविला असेल तर अर्धाच तास. पण वेळेची मर्यादा निराळी आणि खेळाविषयींची तुच्छता निराळी. खेळ उघडणें हाच ज्या घरांत गुन्हा, त्या घरांत खेळ अडला ही गोष्ट मूल सांगत नाहीं. तें एकटें, घाईघाईनें, दार लोटून, पडद्यावर जी पहिली गुंडी दिसेल ती दाबतें. माझ्या बहिणीच्या घरीं नुकसान झालें तें खोट्या फ्लॅशनें जितकें केलें, तितकेंच चार दिवसांच्या मौनानें केलें. म्हणून मी त्या घरीं एक करार करून दिला, आणि तो इतर घरांसही सुचवितों. मुलानें वडील माणसास दाखविल्यावांचून यंत्रांत कांहींही बसवूं नये. वडिलांनीं कोणतीही चूक कानीं आली असतां पहिला प्रश्न “काय दिसलें?” हा विचारावा, “कशाला उघडलेंस?” हा नव्हे. आणि अडलेल्या खेळाचें कारण शोधण्यांत गेलेला वेळ त्या अर्ध्या तासांत धरूं नये. हें तिसरें कलम माझ्या मेहुण्यांस प्रथम मुळींच पटलें नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत राउटर कपाटामागून काढून खिडकीपाशीं कां ठेवावा, हें बापलेकांनीं कागदावर घराचा नकाशा काढून, प्रत्येक खोलींतील पिंगचे आंकडे मांडून ठरविलें. एक रविवार त्यांत गेला. खेळ त्या दिवशीं कोणीच खेळलें नाहीं.

शाळेंतही आम्हीं एक वही ठेविली आहे. संगणकाच्या खोलीच्या दाराशीं ती दोरीनें टांगलेली असते. तारीख, यंत्राचा क्रमांक, काय दिसलें, कोणती एक गोष्ट बदलली, आणि मग काय झालें, इतकेंच तींत लिहावयाचें. आपलें नांव लिहावयाचें नाहीं. परवां पाहिलें तेव्हां शेवटची नोंद यंत्र क्रमांक ७ ची होती. सकाळीं खेळ नीट चालतो. दुपारीं साडेतीननंतर रखडतो. खासगी खिडकी पाहिली, घड्याळ पाहिलें, तार बदलली, फरक नाहीं. त्याखालीं निराळ्या अक्षरांत, पेन्सिलीनें, कोणीं तरी लिहिलें होतें: “साडेतीन वाजतां पलीकडच्या खोलींत काय सुरू होतें?”